माळ, पड आणि बेचिराग

सह्याद्रीची धार ओलांडून पूर्वेकडे उतरले, की पाऊस झपाट्याने कमी होत जातो, आणि इंदापूर, माण, सांगोला, जत या बाजूंस तो वर्षाकाठी सुमारे वीस इंचांवर येऊन ठेपतो. ज्या भाषेच्या लोकांनी शतकानुशतके अशा मुलखात संसार केले, तिच्यात रित्या भूमीसाठी विपुल शब्द असावेत हे स्वाभाविकच होय. परंतु त्या विपुलतेपेक्षा तिच्यातील विवेक मला अधिक मोलाचा वाटतो. जमीन मुळातच खडकाळ आहे, की कसणारा निघून गेल्यामुळे ती रिकामी पडली, की माणसाच्याच हातून ती नासली, हा भेद शेतकरी, धनगर आणि कुलकर्णी या तिघांनीही आपापल्या बोलण्यात कसोशीने सांभाळला होता.

माळ हा निसर्गाने घडविलेला. पातळ मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण असलेला, झाडांना थारा न देणारा पण गवताला पुरेशी जागा देणारा उंचवट्याचा प्रदेश तो माळ. माती रेताड-मुरमाड असली तर ती जमीन बरड. आणि कोकणात जांभ्या दगडाची जी विस्तीर्ण सपाट पठारे उघडी पडलेली दिसतात, ती सडा किंवा कातळ. यांपैकी एकाही शब्दात उजाडपणाचे दुःख नाही. पावसाळ्यात कुसळी आणि मारवेल गवताने भरून जाणारा माळ धनगरांच्या मेंढरांना पोसतो, आणि ज्या सड्यावर मूठभर माती टिकत नाही तोच श्रावण-भाद्रपदात रानफुलांनी झाकून जातो, हे साताऱ्याजवळचे कास पठार पाहिलेल्यांना सांगावयास नको.

ओसाड, उजाड आणि बेचिराग हे शब्द मात्र माणसाच्या जाण्यातून जन्मले. जुन्या व्यवहारात गावाची वस्ती ती पांढरी आणि लागवडीची जमीन ती काळी. दुष्काळ, लूट किंवा जुलूम यांनी रयत परागंदा झाली, म्हणजे पांढरीवर दिवा लावणारे कोणी उरत नसे, आणि असे गाव दफ्तरात ‘बेचिराग’, म्हणजे दिव्यावाचूनचे, म्हणून नोंदले जाई. चिराग हा फारसी शब्द विस्मरणात गेल्यावर लोकांच्या तोंडी त्याचे बेचिराख झाले आणि आगीत जळून खाक झालेल्या गावाचे चित्र त्याला चिकटले. विझलेल्या दिव्याचा मूळ अर्थ मला त्याहून कितीतरी अधिक हृदयद्रावक वाटतो. विदर्भात अशा उठून गेलेल्या गावाला रीठ किंवा रिठी म्हणतात, आणि वस्ती नसली तरी शिवार आहे, म्हणून गावाचे नाव महसुली कागदांत जिवंत राहते. ज्या मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धारण करणाऱ्याचा, वंश खुंटला किंवा ज्याचे घराणे देशोधडीला लागले, त्याची जमीन गतकुळी म्हटली जाई. ती आणि इतर पडीत जमीन पुन्हा लागवडीस यावी म्हणून सरकार कौल देई, व इस्तावा ठरवून पहिल्या साली नाममात्र आणि पुढे वर्षागणिक चढता सारा घेई. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला असे सांगतात. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे आल्यावर कौल देऊनच त्या मुलखाची वस्ती पुन्हा भरत गेली. ओसाडी ही भूमीची जात नव्हे, ती एक अवस्था आहे आणि ती पालटता येते, ही श्रद्धा या साऱ्या कारभारी शब्दांच्या मुळाशी होती.

पड हा शब्द याहूनही सौम्य. जमिनीला विसावा मिळावा म्हणून शेतकरी ती हेतुपुरस्सर पड ठेवतो. याच्या उलट चोपण आणि खारपड या शब्दांत दोष आहे, आणि तो बहुधा आपलाच असतो: कृष्णाकाठी शिरोळसारख्या तालुक्यांत उसाला अतोनात पाणी देऊन उत्तम काळी जमीन क्षारांनी निकामी झाली, हे डोळ्यांदेखत घडलेले आहे.

इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात नवी मोजणी आरंभिली, तेव्हा मातीचा रंग, खोली आणि तिच्यातील दोष पाहून जमिनीची प्रतबंदी आण्यांत करण्यात आली. आणि शेतातील जो तुकडा लागवडीस अयोग्य, तो पोटखराबा म्हणून आकारणीतून वगळला जाऊ लागला. साऱ्याच्या हिशेबापुरता हा शब्द रास्तच होता. परंतु ज्यातून सारा मिळत नाही ते खराब, ही दृष्टी हळूहळू दफ्तराबाहेर पडली. १९८५ साली केंद्र सरकारने पडजमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापले, तेव्हापासून सरकारी भाषेत माळ, गायरान, सडा आणि खरोखर नासलेली जमीन ही सगळी ‘पडीक’ या एकाच नावाखाली येऊ लागली आणि त्या सर्वांवर एकच उपाय, वृक्षारोपण, सुचविला जाऊ लागला. माळावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण माळढोक, धाविक, माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि दूरवर दृष्टी पोहोचली तरच माळढोक निर्धास्त राहतो. त्याच्यासाठी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य झाले; आज तेथे तो दिसणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे. शिकार, विजेच्या तारा, वाढती शेती अशी त्याची कारणे अनेक आहेत, पण माळाला निरुपयोगी मानण्याची आपली सवय त्यांत निश्चित आहे.

म्हणून तलाठ्यापासून वृक्षप्रेमी मंडळींपर्यंत सर्वांना माझी विनंती आहे, की रिकामी दिसणारी जमीन पाहून कुदळ उचलण्यापूर्वी तिला गावचे लोक काय म्हणतात ते विचारावे, आणि ते तिला माळ म्हणत असतील, तर तिच्यावर खड्डे खणू नयेत.