तापल्याशिवाय वाहत नाही (पदार्थांची घडण : भाग ५)

३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची लोकल बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली. अशा गाडीच्या डोक्यावरची तांब्याची तार तापली की तिच्यातून वीज थोडी कमीच वाहते. दर अंशामागे तिचा रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. धातूंचा हा स्वभाव आपण मागच्या भागात पाहिला. आजचा झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचे ऑक्साइड, नेमका उलटा वागतो.

तो पाहायचा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत जा आणि ‘ऑक्सिजन सेन्सर’ मागा. धुराच्या पाइपात बसणाऱ्या या सेन्सरच्या टोकाशी, जाळीआड, शिंप्याच्या अंगुस्तान्याएवढी झिर्कोनियाची टोपी असते. याच कुर्ल्यातल्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या कार्ब्युरेटरवाल्या पद्मिनीला तिची गरज नव्हती. पेट्रोल-हवेचे प्रमाण मिस्त्री स्क्रू फिरवून, कानाने जुळवत. आता ते काम गाडीतला संगणक करतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला हे त्याला ही टोपी सांगते.

शुद्ध झिर्कोनिया मात्र इथे चालत नाही. थंड असताना त्याची स्फटिकरचना तिरकी असते. सुमारे ११७० अंश सेल्सिअसला ती चौकोनी उभट होते, २३७० च्या पुढे घनाकृती. खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. हजार अंशांच्या आसपास उतरताना रचना पुन्हा तिरकी होते, आकारमान चार-पाच टक्क्यांनी फुगते आणि तुकड्याला तडे जातात. म्हणून त्यात यिट्रियमचे ऑक्साइड मिसळतात. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते ते हेच, कारण एका मिसळणीने दोन कामे होतात. उंच तापमानाची रचना थंडपणीही टिकते, हे पहिले. दुसरे असे की झिर्कोनियमच्या आयनावर चार धन भार असतात, यिट्रियमच्या आयनावर तीनच. भाराचा हिशेब जुळावा म्हणून दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागांमधून ऑक्सिजनचे आयन सरकतात. इथे वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे नव्हे, या आयनांमुळे.

पण सरकायला ऊर्जा हवी. थंडपणी आयन जागचे हलत नाहीत; तीनशे अंशांच्या पुढे वाहकता झपाट्याने वाढते. मग बाहेरची हवा आणि आतला धूर यांतल्या ऑक्सिजनच्या फरकानुसार टोपीवर व्होल्टेज उमटते : पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९, हवा जास्त असेल तर ०.१.

वाल्थर नर्न्स्टने १८९७ मध्ये अशाच मिश्रणाच्या कांडीचा दिवा केला होता. तो लावण्याआधी कांडी तापवावी लागे. १९७६ मध्ये बॉशने आणलेल्या पहिल्या सेन्सरांना तापवण्याचे काम इंजिनाचा धूरच करी. आताच्या सेन्सरांच्या पोटात छोटा हीटर असतो. म्हणून चार तारांच्या सेन्सरवर संशय आला, तर नवा घेण्याआधी हीटरच्या दोन तारांमधला रोध मल्टिमीटरने मोजायला सांगा. तो काही ओहम भरायला हवा. काटा हललाच नाही, तर झिर्कोनिया ठणठणीत असूनही गार राहिला असेल.

पुढच्या भागात : गॅसगळती ओळखणारे कथिलाचे ऑक्साइड.