हृत्पेशी, कॅल्शियम आणि बीजदोष

‘हृदयाला बळ यावे म्हणून कॅल्शियम द्यावे काय?’ हा प्रश्न कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सालयात व औषधी दुकानात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हृत्पेशीचे कार्य ध्यानी घेणे आवश्यक आहे.

१८८३ मध्ये लंडन येथे सिडनी रिंगर यांनी कॅल्शियमविरहित द्रावणात बेडकाचे हृदय थांबते, हे दाखविले. १९६० च्या दशकात जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी ट्रोपोनिन या प्रथिनाचा शोध लावून त्यामागील यंत्रणा उलगडली. प्रत्येक ठोक्यास थोडे कॅल्शियम पेशीत शिरते, त्यायोगे पेशीतील साठ्यातून अधिक कॅल्शियम मुक्त होऊन ट्रोपोनिनशी बद्ध होते आणि मायोसिनला अ‍ॅक्टिन पकडण्याची वाट मोकळी होते, हेच आकुंचन. कॅल्शियम साठ्यात परतले की शिथिलता येते व हृदय भरते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार मांडला आहे. आनुवंशिक हृत्पेशीविकार समजून घेताना तो उपयुक्त ठरतो. हृत्स्नायू जाड होण्याचा विकार सुमारे ५०० व्यक्तींत एकास आढळतो. बहुधा माता वा पिता यांपैकी एकाकडून आलेला दोष त्यास पुरेसा असतो व प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी असते. अशा अनेक रुग्णांत आकुंचक तंतू कॅल्शियमला अतिसंवेदनशील होतात व शिथिलता अपुरी पडते. मायोसिनशी निगडित एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरांचा लोप सुमारे ४ टक्के भारतीयांत असून त्याने हृद्‌विकाराचा धोका वाढतो, असे हैदराबादच्या सीसीएमबीतील थंगराज व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. अर्थात, प्रत्येक वाहक आजारी पडतोच असे नाही.

तात्पर्य, येथे दोष कॅल्शियमच्या प्रमाणात नसून प्रथिनांत आहे. शंखभस्म, प्रवाळभस्म वा कॅल्शियमच्या गोळ्यांनी तो दूर होत नाही. उलट, हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या मार्गात अडथळा असल्यास तीव्र विरेचन, दीर्घ लंघन व अतिमूत्रल द्रव्ये शरीरातील द्रव घटवून अडथळा वाढवितात. करवीर, कोलकंद यांतील द्रव्ये पेशीतील कॅल्शियम वाढवून आकुंचन तीव्र करतात. ती येथे वर्ज्य समजावीत.

म्हणून तरुण रुग्णास श्रमाने भोवळ, धाप वा छातीत वेदना असल्यास ‘घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले काय?’ हे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास ईसीजी व इकोसाठी रुग्णास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि त्याच्या भावंडांची व अपत्यांचीही तपासणी सुचवावी, अशी आम्ही व्यवसायबंधूंना विनंती करतो.