बसणारा भाग आणि थांबणारी गाडी

जुनी जीप विकत घ्यावी, तिचा सांगाडा उघडावा आणि सह्याद्रीच्या रानवाटांसाठी ती नव्याने बांधावी, असा छंद आज अनेक तरुणांना जडला आहे. १९४७ मध्ये महिंद्राने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे त्याच वंशातली एमएम ५४० खेडोपाडी फिरली. मारुतीची जिप्सीही १९८५ पासून अनेक वर्षे तयार होत होती. या गाड्या टिकाऊ खऱ्या. पण त्यांचे मूळ सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. मग गिऱ्हाईक पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या गल्ल्यांत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटपाशी पर्याय शोधत हिंडते.

सुट्या भागांची पेढी चालवणाऱ्या आपल्या वाचकांना हा गिऱ्हाईक परिचयाचा असेल. त्याचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘शेठ, हा बसेल का?’ आरसा, दिवा किंवा बंपर यांच्या बाबतीत हा प्रश्न पुरेसा आहे. ब्रेकच्या बाबतीत तो अपुरा आहे. भाग आपल्या जागी नेमका बसतो, तरीही गाडी थांबत नाही, असे घडू शकते. हा भेद ओळखणे हेच विक्रेत्याचे खरे ज्ञान होय.

ब्रेकचे सारे गणित तेलाच्या दाबाचे आहे. पायाचा जोर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतो आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका दाब कमी होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, हे येथे विसरता कामा नये. पाऊण इंची बोअरच्या जागी एक इंची सिलिंडर बसवला, तर पायाच्या त्याच जोराला तेलाचा दाब पूर्वीच्या शेकडा ५६ इतकाच उरतो. पेडल मात्र कडक लागते, आणि कडक पेडल म्हणजे दमदार ब्रेक, असा चालकाचा गैरसमज होतो. याउलट बोअर फार लहान असेल, तर दाब वाढतो, पण पेडल तळाला टेकू लागते.

ड्रम काढून डिस्क बसवताना आणखी एक अडचण येते. ड्रममधले लायनर फिरत्या ड्रमच्या ओढीनेच अधिक आवळले जातात. डिस्कला ही आयती मदत नसते. तिला अधिक दाब हवा, म्हणून बूस्टरची गरज भासते. शिवाय ड्रमसाठी बनलेल्या काही मास्टर सिलिंडरांत थोडा दाब रोखून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि तापतात.

त्यात टायर मोठे घातले जातात. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३३ इंची टायर घातले, तर गाडी तितक्याच अंतरात थांबवण्यासाठी चाकावर सुमारे १८ टक्के अधिक पीळ लागतो. टायरचे वाढलेले वजन वेगळेच. म्हणून ब्रेकचा भाग मागणाऱ्याला टायरचे माप विचारणे ही चौकशी नव्हे, ते कर्तव्य आहे.

छोट्या वस्तूंतही असाच धोका दडलेला असतो. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपवर इंची आटे भेटतात, नव्या गाड्यांवर मेट्रिक. तीन अष्टमांश इंची, २४ आट्यांचा नट १० मिलिमीटरच्या मेट्रिक छिद्रात सैलसर का होईना, आत फिरतो. बसल्यासारखा वाटतो, पण दाब येताच गळू वा निसटू शकतो. गाडी उंच केल्यावर मूळ होज पाइप तोकडा पडतो आणि खड्ड्यात चाक लोंबकळले की ताणला जातो. साध्या तांब्याची नळी वाकवायला सोपी असली, तरी कंपनांनी ती कडक होऊन तडकते. ब्रेकसाठी ती वापरू नये.

ब्रेक ऑइलचेही तसेच. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. हवेतली आर्द्रता शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटाच्या लांब उतारावर जुने तेल उकळले, की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ होते. सिलिकॉनचे डॉट ५ या तेलांत कधीही मिसळू नये. आणि खनिज तेलाचा थेंबही नको. त्याने रबरी सील फुगतात.

अनेक पॅडांच्या छापील क्रमांकात दोन इंग्रजी अक्षरे असतात : पहिले सामान्य तापमानातील घर्षणाचे, दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. आकार एकच असला, तरी ‘एफएफ’च्या जागी ‘ईई’ देणे म्हणजे गिऱ्हाइकाला न सांगता त्याचा ब्रेक दुबळा करणे होय.

येथे पेढीचा संबंध थेट येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ नुसार, विक्रेत्याने उत्पादकापेक्षा वेगळी हमी दिली, ती खोटी ठरली आणि त्यातून इजा झाली, तर विक्रेता उत्तरदायी ठरू शकतो. उत्पादकाची ओळखच लागत नसेल, तरीही जबाबदारी त्याच्याकडे येऊ शकते. काउंटरवर सहज उच्चारलेले ‘बिनधास्त न्या, चालेल’ हे शब्द आणि नाव नसलेल्या खोक्यातला स्वस्त नग, दोन्ही या कक्षेत येऊ शकतात. गाडीच्या मालकालाही बंधन आहे : नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

यावर उपाय अवघड नाही. काउंटरवर एक वही ठेवावी. गाडीचे मॉडेल, टायरचे माप, मास्टर सिलिंडरचा बोअर, आट्यांचा प्रकार, पुढे-मागे ड्रम की डिस्क, एवढे लिहून घ्यावे आणि दिलेल्या भागाचा क्रमांक बिलावर नोंदवावा. जुना भाग सोबत आणायला सांगावे व कॅलिपरने मोजावा. नुसत्या नजरेवर विसंबू नये. जोडणीनंतर मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगात परीक्षा घेण्याचा सल्ला द्यावा. जोराचा ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होत असतील, तर गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. ती घाटात नेऊ नये. उत्तरे मिळत नसतील, तर ‘हा भाग मी देऊ शकत नाही’ असे नम्रपणे सांगावे.

एका नगाची विक्री त्या दिवशी बुडेल. परंतु उतारावर पेडल दाबणाऱ्या त्या तरुणाच्या शेजारी त्याचे कुटुंबही बसलेले असते, आणि पेढीचे नाव त्याच्या बिलावर छापलेले असते.