दुसरी किल्ली

बँकेत रोख विभागाची जबाबदारी प्रथम माझ्याकडे आली, तेव्हा शाखा व्यवस्थापकांनी मला एक नियम समजावून सांगितला होता. तिजोरीला दोन कुलपे, त्यांच्या दोन किल्ल्या आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे. एकट्या माणसाला तिजोरी उघडता येता कामा नये. शिवाय या किल्ल्यांचा जादा जोड त्याच शाखेत ठेवायचा नाही. तो दुसऱ्या शाखेत जमा करायचा. एखादी किल्ली हरवली म्हणून दुसऱ्या दिवशीचा व्यवहार थांबता कामा नये. चौतीस वर्षे मी हा नियम पाळला. निवृत्तीनंतर मात्र स्वतःच्या खिशाच्या बाबतीत तो विसरलो आणि त्याची जाणीव मला धावत्या रेल्वेत झाली.

निवृत्तीनंतर माझा प्रवास कमी होण्याऐवजी वाढला. सोलापुरात धाकट्या बंधूंचे चादरी व टॉवेलांचे घाऊक दुकान आहे. त्यांचे हिशेब पाहण्यासाठी पुण्याहून महिन्यातून दोनदा जाणे होते. मुलगी अहमदाबादला असते. लग्नकार्ये, सांत्वनाच्या भेटी, व्यापाराची कामे वेगळीच. एसटी, रेल्वे, विमान, मोटार या सर्वांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे प्रवासातील सुरक्षा आणि सोयी यांविषयी माझी काही मते बनली आहेत. ती मांडण्यापूर्वी तो प्रसंग सांगतो.

मी एकटाच अहमदाबादला निघालो होतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास गाडी गुजरातच्या हद्दीत होती. फोन चार्जिंगला लावून मी तोंड धुवायला गेलो. पाच मिनिटांत परत आलो, तर चार्जर जागेवर होता, फोन नव्हता. त्या फोनच्या पाकिटासारख्या कव्हरमध्येच माझे एटीएम कार्ड होते. ग्राहकांना जन्मभर सावधगिरीचे धडे देणाऱ्या माणसाने हे करावे, याची आजही लाज वाटते.

खिशात एकशे चाळीस रुपये होते. तिकीट फोनमध्ये होते. मुलीने नुकतेच घर बदलले होते, तिचा नवा पत्ताही फोनमध्येच. पण खरी धडकी वेगळ्याच कारणाने भरली. बंधूंच्या दुकानासाठी शेजारची जागा घ्यायची ठरली होती आणि इसाऱ्यासाठी मोडलेल्या मुदत ठेवीचे 4 लाख 10 हजार रुपये त्याच आठवड्यात माझ्या खात्यात जमा झाले होते. माझे सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे सर्व ओटीपी चोराच्या हाती पडणार, हे मला चांगले ठाऊक होते.

समोरच्या बाकावरील एका तरुणाने आपला फोन लगेच पुढे केला. पण लावायचा कोणाला? अडतीस वर्षांच्या सहधर्मचारिणीचा मोबाइल क्रमांक मला पाठ नव्हता. मुलीचाही नव्हता. तो तरुण म्हणाला, “काका, बँकेचा कस्टमर केअरचा नंबर मी शोधून देतो.” मी त्याला थांबवले. इंटरनेटवर बँकांच्या नावाने खोटे मदत क्रमांक टाकून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस त्यांचे सोपे सावज असतो. अशा वेळी मला एकच क्रमांक आठवला. दुकानाच्या बिलबुकावर वर्षानुवर्षे छापला जाणारा लँडलाइनचा क्रमांक! बंधू दुकानाच्या माडीवरच राहतात. सहा वेळा घंटी वाजल्यावर त्यांनी फोन उचलला.

सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, “अण्णा, फोन ठेवू नका. मोबाइलवरून वहिनींना लावतो.” पुण्यात सौ.ने कपाटातून पासबुक काढले. त्यावर छापलेला मदत क्रमांक आणि खाते क्रमांक तिने वाचून दाखवला, तो बंधूंमार्फत माझ्यापर्यंत पोहोचला. मी बँकेला फोन लावला. यंत्राच्या आवाजाने दोन-तीन आकडे दाबायला लावले आणि अखेर सांगितले की, खातरजमेसाठी माझ्या नोंदणीकृत मोबाइलवर संदेश पाठवला आहे! चोरीला गेलेला फोन बंद करण्यासाठी त्याच फोनवर परवानगी मागितली जात होती. शेवटी एका कर्मचाऱ्याशी बोलणे झाले. तिने जन्मतारीख व इतर माहिती विचारून पंचवीस मिनिटांत सर्व व्यवहार गोठवले. सिमकार्ड बंधूंनी बंद करवून घेतले. तिकीट तपासनिसांनी माझे मूळ ओळखपत्र पाहून यादीतील नाव पडताळले आणि तक्रारीचा अर्ज भरून घेतला. स्थानकावर मुलगी उभी होती.

पैसे वाचले, पण माझ्या दक्षतेमुळे नव्हे. बहुधा चोराला केवळ फोन हवा होता. जुने पासबुक, लँडलाइन आणि एका अनोळखी तरुणाचा चांगुलपणा यांनी मला तारले. आपण ज्यांना कालबाह्य समजतो, त्याच गोष्टींनी त्या दिवशी दुसऱ्या किल्लीचे काम केले.

त्यानंतर प्रवासात प्रत्येक व्यवस्थेकडे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : येथे दुसरी किल्ली आहे काय? आणि असल्यास ती कोणाच्या हातात आहे?

प्रथम तपासणीचा विचार करू. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराध प्रवासी मारले गेले. त्यानंतर अनेक मोठ्या स्थानकांवर धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या. आज त्यांतून माणसे जातात, चौकट वाजते आणि बहुतेक वेळा कोणी मान वर करून पाहत नाही. शेजारच्या मोकळ्या वाटेने शेकडो लोक सामानासह आत जातात. बँकेत एकाने व्हाउचर तयार करायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी पद्धत असते. दुसऱ्याने न पाहताच सही केली, तर कागदावर दोन सह्या दिसतात, पण तपासणी एकही झालेली नसते. न पाहणारी चौकट ही अशीच न पाहता केलेली सही होय.

विमानतळावर आपण रांगेबद्दल कुरकुरतो, पण तेथे यंत्राच्या मागे जबाबदार माणूस बसलेला असतो. 1999 च्या डिसेंबरमध्ये आपले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले. त्यानंतर 2000 पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. यंत्र शंका दाखवते, निर्णय माणूस घेतो. येथे दोन्ही किल्ल्या चालतात. रोज लक्षावधींची ये-जा असलेल्या रेल्वेत प्रत्येकाची अशी झडती शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण मग दहा चौकटी केवळ उभ्या करण्यापेक्षा दोनच दारे ठेवून तेथे दोन जागरूक माणसे नेमणे अधिक शहाणपणाचे नाही काय?

दुसरा विचार तंत्रज्ञानाचा. मी त्याचा विरोधक नाही. 2016 साली यूपीआय आले आणि प्रवासात रोकड बाळगण्याची भीती पुष्कळ कमी झाली. पूर्वी आपले व्यापारी बंधू कमरेला पैशांची पिशवी बांधून रात्रभर जागे राहत. आज ते निश्चिंत झोपतात. परंतु ओटीपीचे मूळ तत्त्वच दोन किल्ल्यांचे आहे. एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी, उदाहरणार्थ पासवर्ड; दुसरी आपल्याजवळ असावी, उदाहरणार्थ फोन. आता बँकेचे ॲप त्याच फोनमध्ये, ओटीपी त्याच फोनवर आणि पासवर्डही त्याच फोनमध्ये टिपून ठेवलेला! दोन किल्ल्या आहेत खऱ्या, पण एकाच जुडग्यात. जुडगा गेला की तिजोरी गेली.

व्यवस्थांनीही दुसरी वाट राखली पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये काही विमानतळांवर डिजीयात्रा सुरू झाली. चेहरा हेच ओळखपत्र झाले. ती ऐच्छिक आहे आणि तशीच राहावी, कारण वृद्धांना, साधा फोन वापरणाऱ्यांना माणूस असलेली रांग लागतेच. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरील खोळंबा घटला. मात्र टॅग न चालल्यास रोखीने दुप्पट पथकर द्यावा लागे. नोव्हेंबर 2025 पासून अशा वेळी यूपीआयने सव्वापट भरण्याची सोय झाली. दुसरी किल्ली महाग असली, तरी पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, हे स्वागतार्ह आहे.

तिसरा विचार सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी, पाऊस पडत असताना, मुंबईतील तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा मृत्यू झाला. तेथे अतिरेकी नव्हता, स्फोट नव्हता. अपुरा जिना होता आणि गर्दी होती. पुढे लष्कराच्या मदतीने तेथे नवा पूल उभारला गेला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुला झाला. इतक्या थोड्या महिन्यांत जे होऊ शकले, ते आधी का होऊ नये? सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक आणि कॅमेरा येतो. पण रुंद जिना, चालू स्थितीतील लिफ्ट, फलाटावरचा दिवा, कोरडी फरशी हीदेखील सुरक्षाच आहे. गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपल्या हाती असलेल्या गोष्टी आधी करू या. पुढील सूचना प्रत्येक कुटुंबाने एकदा एकत्र बसून अमलात आणाव्यात, अशी विनंती आहे.

फोनमध्ये ‘सिम लॉक’ची सोय असते. ती सुरू केली, तर सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागितला जातो. मोबाइल कंपनीच्या दुकानात विचारून ती समजून घ्यावी, कारण तीनदा चुकीचा पिन टाकल्यास सिम अडकते. *#06# दाबल्यावर दिसणारा 15 अंकी आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास शासनाच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो हँडसेट बंद पाडण्याची विनंती करता येते. कार्ड आणि फोन एकत्र ठेवू नयेत. प्रवासखर्चासाठी थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते यूपीआयला जोडावे. मोठी रक्कम त्यात नसावी. निवासासाठी ओळखपत्राची प्रत द्यावी लागल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार स्वीकारतात का, हे आधी विचारावे.

चार क्रमांक पाठ असावेत : रेल्वेसाठी 139, आणीबाणीत 112, आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 आणि चौथा आपल्या घरातील कोणाचा तरी. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून त्रयस्थाचा असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

माझ्या खिशात आता एक छोटी डायरी असते. तिच्यात सात क्रमांक, दोन पत्ते आणि पाचशेच्या दोन नोटा. नात हसते, पण तिच्याकडूनही मी आजीचा आणि आईचा क्रमांक पाठ करवून घेतला आहे.

त्या प्रसंगाच्या आधीच्या महिन्यात बंधूंचे हिशेब तपासताना मीच त्यांना विचारले होते, “हा लँडलाइनचा खर्च अजून कशासाठी? कोणी फोन करत नाही, बंद करून टाक.” त्यांनी मान डोलावली होती, पण अर्ज करायचा राहून गेला होता. आता दर महिन्याला ते बिल माझ्यासमोर येते. मी ते खर्चात धरतो, खूण करतो आणि काही न बोलता पान उलटतो.