वारसा कर : गेलेला कायदा आणि उरलेला प्रश्न

बँकेत मयत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल काही वर्षे माझ्याकडे होते. एकाच दिवशी त्या टेबलासमोर दोन कुटुंबे बसलेली मी पाहिली आहेत. एकाचे बचत खात्यात साडेतीन हजार रुपये आणि वारस चार. दुसऱ्याची मुदत ठेवींच्या पावत्यांची जाड फाईल आणि वर लॉकरची चावी. दोघांनाही फॉर्म तेच आणि वारशावरचा करही तोच, म्हणजे शून्य. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा विषय एकाएकी गाजला, तेव्हा आपल्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांनी मला विचारले, "सर, असा कर आपल्याकडे कधी होता का?" होता. चांगली एकतीस वर्षे होता.

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संसदेने संपदा शुल्क कायदा केला व १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलात आला. लोक त्याला 'एस्टेट ड्यूटी' किंवा सरळ मृत्युकर म्हणत. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मृताने मागे ठेवलेल्या एकूण संपत्तीवर बसते ते संपदा शुल्क, आणि प्रत्येक वारसाच्या वाट्यावर बसतो तो वारसा कर. राज्यघटनेच्या संघसूचीत शेतजमीन वगळून या दोन्हींच्या स्वतंत्र नोंदी आहेत, ८७ आणि ८८. शेतजमिनीवरील असे कर राज्यसूचीत आहेत. आपल्याकडे प्रत्यक्षात आले ते पहिले. संपत्तीची विषम वाटणी कमी करणे व राज्यांच्या विकास योजनांना पैसा मिळवून देणे, असे त्याचे दोन हेतू होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. हा कायदा त्यानंतर चार वर्षांच्या आतला आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग तो बुडाला कसा? वीस लाखांवरील संपत्तीला कराचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. (८५ टक्के सगळ्या संपत्तीवर नव्हेत, फक्त वीस लाखांच्या वरच्या भागावर. आयकराचे टप्पे ज्याला कळतात त्याला हेही कळेल; पण भाषणांत एवढा बारकावा कोण सांगतो?) दर जेवढा चढा, तेवढ्या पळवाटा अधिक. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसे हिशेबात धरली जात. म्हणून जाणते लोक त्याही आधी देऊन मोकळे होत. कोणी विश्वस्त निधी काढी, कोणी मालमत्ता कुटुंबात वाटून ठेवी, कोणी घराची किंमत कमी दाखवी. सल्लागार ज्याला परवडे तो सुटे. अचानक वारलेल्या मध्यम माणसाची विधवा मात्र कचेरीत खेटे घाली. शेवटी १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हे शुल्क रद्द केले. या करातून वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये येतात, त्यामानाने वसुलीचा खर्च जास्त आहे, आणि एकाच मालमत्तेवर संपत्ती कर व संपदा शुल्क असे दोन कायदे लागत असल्याने लोकांना त्रास होतो, अशी कारणे त्यांनी दिली. दोन्ही हेतू साधले नाहीत, हेही त्यांनी मान्य केले. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना हे शुल्क लागत नाही. पुढे १९९८ मध्ये बक्षीस कर आणि २०१६ पासून संपत्ती करही गेला.

आता आपली गोष्ट. माझ्या आजोबांनी मागे ठेवले ते पितळेचे दोन तांबे आणि मुलांना शाळेत घालण्याचा हट्ट. वडिलांनी नोकरीत असताना कर्ज काढून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. संस्थेच्या कितीतरी सभासदांचे असेच आहे. घर मागे ठेवून जाणारी आपली ही पहिलीच पिढी. त्यामुळे वारसा कराचे नाव काढले की आपल्यातलेच लोक बिचकतात. "कर भरून उरलेल्या पैशातून घर घेतले, आता पोराने पुन्हा भरायचा?" हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर सूट-मर्यादेत आहे. जपानमध्ये या कराचा सर्वोच्च दर ५५ टक्के आहे, ब्रिटनमध्ये ४० टक्के. तरीही ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांपर्यंत कर लागत नाही. मर्यादा पुरेशी वर ठेवली तर दोन खोल्यांचे घर कक्षेतच येत नाही. मला विचाराल तर असा कर असावा, पण राहते घर सोडून, मर्यादा मोठी आणि दर मध्यम. शिवाय बक्षिसांवर आणि विश्वस्त निधींवर नजर ठेवण्याची तयारी नसेल, तर तो आणूच नये. पुन्हा सल्लागारांचेच फावेल. संघसूचीतील दोन्ही नोंदी अजून जागेवर आहेत, तेव्हा संसदेला मनात आणल्यास घटनादुरुस्ती लागणार नाही.

सध्या वडिलांचे घर वारसाने मिळाले तर आयकर लागत नाही. मात्र ते विकताना भांडवली नफ्यावर कर बसतो, आणि त्या हिशेबात मूळ किंमत धरतात ती वडिलांनी दिलेली. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव घेता येतो. वडिलांचा खरेदी करारनामा रद्दीत गेल्याने हिशेब अडलेली माणसे मी पाहिली आहेत. तो कागद आणि मुद्रांक शुल्काची पावती एकाच पिशवीत ठेवावी, व पिशवी कोठे आहे ते घरातील दोघांना तरी सांगून ठेवावे.