सोफ्याच्या गादीला घरच्या घरी नवी खोळ
- प्रतिनिधी

सोफ्याचा सांगाडा मजबूत असतो, आतला फोमही शाबूत असतो. पण वरचे कापड विटले, की अवघी बैठकच जुनाट दिसू लागते. अशा वेळी सोफा मोडीत काढण्याची गरज नसते. गाद्या सुट्या असतील, तर त्यांची खोळ साध्या शिलाई मशीनवर घरीही शिवता येते. शिवाय चेन लावलेली खोळ काढून धुता येते, हा आपल्याकडच्या धुळीच्या आणि दमट हवेत मोठाच लाभ होय. मात्र, चुकीचे कापलेले कापड पूर्ववत होत नाही. त्यामुळे या कामाचे यश बव्हंशी कात्री चालवण्यापूर्वीच ठरते.

आधी फोम, मग कापड
फोम तळहाताने दाबून सोडावा. तो लगेच वर येत नसेल किंवा त्याचा भुगा पडत असेल, तर प्रथम फोम बदलावा; अन्यथा नवी खोळही सैल पडून सुरकुतते. कापड कॅनव्हाससारखे जाड आणि घट्ट विणीचे हवे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते कापण्यापूर्वीच धुऊन, वाळवून इस्त्री करावे.

मापाचे गणित
जुनी खोळ वापराने ताणलेली असते, म्हणून माप फोमचेच घ्यावे. समजा, गादी २२ इंच चौरस व ४ इंच जाड आहे. प्रत्येक शिवणीसाठी अर्धा इंच धरल्यास वरचा व खालचा तुकडा प्रत्येकी २३ इंच चौरस लागेल. गादीचा घेर ८८ इंच. त्यापैकी पुढची पट्टी ४९ इंच लांब व ५ इंच रुंद कापावी. मागे चेनसाठी ४१ इंच लांब आणि ३ इंच रुंद अशा दोन पट्ट्या घ्याव्यात. ५४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात हे सारे तुकडे बसतात. नक्षीदार कापड असेल, तर नक्षी जुळवण्यासाठी थोडे अधिक घ्यावे.

शिवण्याचा क्रम
मशीनला १६ नंबरची सुई व पॉलिएस्टरचा दोरा लावावा. चेनच्या दोन्ही पट्ट्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून लांब टाक्यांच्या कच्च्या टिपेने जोडाव्यात आणि शिवण उघडून इस्त्री करावी. त्यावर उलट बाजूने, रनर ओवलेली नायलॉनची चेन पालथी ठेवून दोन्ही कडांनी टीप मारावी व कच्ची टीप उसवावी. ही पट्टी पुढच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडली, की ८८ इंचांचे कडे तयार होते. चेनवरून जाताना मशीनचे चाक हाताने फिरवावे.

हे कडे प्रथम वरच्या तुकड्याला जोडावे. चेनच्या पट्टीचा मध्य मागच्या कडेच्या मध्याशी जुळवून टाचण्या लावाव्यात. म्हणजे पट्ट्यांचे सांधे समोर न येता बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून ९ इंचांवर जातील. कोपऱ्यावर कड्याच्या दाबात टिपेपर्यंत न पोचणारे दोन-तीन काप द्यावेत, सुई कापडातच ठेवून कापड वळवावे. असे केल्याने कोपरा काटकोनात बसतो.

खालचा तुकडा जोडण्यापूर्वी चेन निम्मी उघडून ठेवण्यास विसरू नये. ती बंद राहिली, तर चारी बाजूंनी शिवलेली खोळ उलटवण्यास वाटच उरत नाही. शेवटी दाबाच्या कडांना झिगझॅग टीप मारावी, म्हणजे धुण्यात दोरे सुटणार नाहीत.

खोळ घालताना फोम दुमडून आत सारावा आणि कोपरे आतून हाताने नीट बसवावेत. पुढे खोळ धुवायला काढाल, तेव्हा फोम सावलीत हवेशीर ठेवावा. कडक उन्हात तो पिवळा पडून ठिसूळ होतो.