सूचिपर्णी झाडे, हवेतील नत्र आणि आपला युरिया

पाइन, देवदार ही सूचिपर्णी झाडे थंड प्रदेशातील. बांधावर लावला जाणारा सुरू दिसायला तसाच असला तरी तो सूचिपर्णी वर्गातील नाही. असे असले तरी परदेशातील पाइनच्या वनांना जे भोगावे लागले, त्याचा संबंध पैठण भागातील आपल्या युरियाच्या वापराशी पोहोचतो.

झाड नत्र कसे घेते?

झाड नत्र दोन वाटांनी घेते. मुळे जमिनीतील अमोनियम व नायट्रेट शोषतात. सूचिपर्णी झाडांच्या मुळांवर वाढणारी उपयुक्त बुरशी त्यांना या कामी मदत करते. दुसरी वाट पानांची. गोठे, शेणखत व युरियातून निघणारा अमोनिया आणि वाहनांच्या धुरातील नत्राचे वायू पर्णरंध्रांतून आत जातात, पानातील ओलाव्यात विरघळतात व त्यापासून प्रथिने तयार होतात. बहुतेक सूचिपर्णी झाडे वर्षभर हिरवी असतात. त्यांच्या दाट सुयांवर धुके व धूळ अडकते आणि पावसाने हा नत्र धुऊन जमिनीवर येतो.

अतिरेकाचा परिणाम

नेदरलँडमधील पील भागात पशुपालन अतिशय दाट आहे. १९८० च्या दशकात तेथील गोठ्यांतून निघालेल्या अमोनियामुळे पाइनच्या सुया पिवळ्या पडल्याचे आढळून आले. नत्र वाढला, पण पालाश व मॅग्नेशियम कमी पडले. झाडांच्या गरजेपेक्षा जास्त झालेला नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो.

आपल्या शेतात काय घडते?

आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ७ पेक्षा जास्त असतो. अशा जमिनीवर युरिया उघडा फेकल्यास त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जातो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो. त्याचा काही भाग असा वाया जातो. निमलेपित युरियात अमोनियमचे नायट्रेट होणे मंदावते, मात्र अमोनियाचे उडणे त्यामुळे थांबत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात ऊस व मोसंबीला भरमसाट पाणी दिल्यास उरलेला नायट्रेट पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातो.

उपाय

१. माती परीक्षणानुसार नत्राची मात्रा ठरवावी व ती विभागून द्यावी.

२. युरिया वाफशावर ५ ते ७ सें.मी. खोल देऊन मातीने झाकावा. वर फेकावा लागल्यास लगेच हलके पाणी द्यावे.

३. युरिया दिल्यानंतर मोकाट पाणी देऊ नये.

४. शेणखताचा ढीग उघडा न ठेवता मातीने झाकावा. शेतात टाकलेले खत त्याच दिवशी वखराने मिसळावे.

५. गोठ्यावरून वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूस झाडांची दाट रांग लावल्यास थोडा अमोनिया अडतो. परंतु झाडे सगळा नत्र पेलतील, असे समजू नये.

६. पिण्याच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेटचे पाणी वरच्या दुधात वापरल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते व बाळ निळे पडू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. म्हणून अशा विहिरीचे पाणी बाळासाठी वापरू नये.